सरहद्द कुणाची, बंदूक कुणाची?

अमेरिकेत कुठल्या तरी शाळेत गोळीबार होतो, मुलं मरतात, आणि दोन दिवसांत आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेला लेख येतो. त्या लेखात काऊबॉय असतो, घोडा असतो, 'वाइल्ड वेस्ट' असतं. गोरा माणूस जंगल तोडत, अस्वलांशी आणि 'रेड इंडियन' टोळ्यांशी झुंजत पश्चिमेकडे सरकत गेला, तिथे पोलीस नव्हते, कोर्ट नव्हतं, म्हणून बंदूक त्याच्या रक्तात उतरली, असं लेखक समजावून सांगतो. शेवटी आपली संस्कृती कशी मुळातच अहिंसक आहे यावर एक परिच्छेद. संपला लेख.

गेल्या महिन्यात विहारातल्या आमच्या अभ्यासवर्गात बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने हेच मांडलं. 'सर, त्यांची संस्कृतीच तशी आहे.' त्याच रात्री वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या स्टेटसवर एक पोस्टर दिसलं: निळी पार्श्वभूमी, काळा पँथर, शेजारी रायफल, खाली 'जय भीम'. या दोन गोष्टींचं नातं त्या दिवशी आम्हाला नीट सांगता आलं नाही. म्हणून हा लेख. दोन्ही मुलं वाचतील अशी आशा आहे, आणि दोघांनाही राग आला तरी चालेल.

आधी 'संस्कृती'चा मुद्दा. हा शब्द कानावर पडला की आंबेडकरी माणसाने सावध व्हायला हवं. गावात पाणवठ्यावर मारहाण झाली तर 'रूढी आहे', मिरवणूक अडवली तर 'गावची परंपरा आहे', हे आपण आयुष्यभर ऐकत आलोय. संस्कृती म्हटलं की आरोपी गायब होतो. अमेरिकेच्या बाबतीतही तेच घडतं. बंदूक 'रक्तात उतरली' म्हणताना ती कुणी कुणाच्या हातात दिली, कुणावर रोखायला दिली आणि कुणाच्या हातातून काढून घेतली, हे तिन्ही प्रश्न गिळले जातात.

सरहद्दीची ही गोष्ट विद्वत्तेच्या दर्जाला नेली फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने. १८९३ च्या जुलैमध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या इतिहासकारांच्या सभेत त्याने निबंध वाचला. (आपल्याकडे १८९३ चं शिकागो म्हणजे फक्त विवेकानंद. त्याच प्रदर्शनातल्या त्याच धर्मपरिषदेत अनागारिक धम्मपालही बोलले होते, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं. असो.) टर्नरचं म्हणणं थोडक्यात असं: पश्चिमेला मोकळी जमीन होती, अमेरिकन माणूस तिच्याकडे सतत सरकत राहिला, त्या सरकण्यातून त्याचा स्वतंत्र, धाडसी, कुणाचं न ऐकणारा स्वभाव घडला आणि त्यातूनच लोकशाही आली. १८९० च्या जनगणनेने आता सरहद्दीची रेषा उरली नाही असं जाहीर केलं होतं, त्यावर हा निबंध उभा आहे.

मोकळी जमीन. या दोन शब्दांवर थांबू या. कुणाची होती ती? त्याच १८९० च्या २९ डिसेंबरला साउथ डकोटात वुंडेड नी या ओढ्याकाठी अमेरिकन घोडदळाने लाकोटा लोकांच्या एका तळाला वेढा घातला. लाकोटांची शस्त्रं काढून घेण्याचं काम चाललं होतं. झटापटीत एक गोळी सुटली आणि मग सैन्याने तळावर तोफांसकट मारा केला. अडीचशे ते तीनशे माणसं मेली, त्यात बायका आणि मुलं मोठ्या संख्येने. या कामगिरीबद्दल वीसेक सैनिकांना देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. टर्नरच्या निबंधाला तेव्हा अडीच वर्षंच उरली होती. 'मोकळी' जमीन अशी मोकळी होत होती.

सगळं काही बंदुकीनेच झालं असंही नाही. १८८७ च्या डॉज कायद्याने मूलनिवासींची सामूहिक जमीन कुटुंबागणिक तुकड्यांत वाटली आणि 'उरलेली' गोऱ्यांना खुली केली. त्या वर्षी मूलनिवासींकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती, १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाख उरली. आधी बंदूक, मागून तलाठी. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह ज्यांच्या घरात आठवले जातात, त्यांना जमीन आणि हिंसा यांचं नातं वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आता गंमत बघा. ज्या वाइल्ड वेस्टच्या नावाने आज बंदुकीचं समर्थन चालतं, त्या वेस्टमधल्या गावांत बंदूकबंदी होती. कॅन्ससमधलं डॉज सिटी हे गुरं हाकणाऱ्यांचं बदनाम गाव. तिथे शस्त्र बाळगून फिरायला मनाई असल्याची पाटीच लावलेली होती. अॅरिझोनातल्या टूमस्टोन गावात १८८१ मध्ये तसाच नियम होता. सिनेमावाल्यांनी ज्याच्यावर पिढ्यानपिढ्या पोट भरलं तो ओ. के. कोरलचा गोळीबार त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला झाला आणि त्याचं तात्कालिक कारण हेच होतं, की गावाचा मार्शल नियम मोडणाऱ्यांची शस्त्रं काढून घ्यायला निघाला होता. अर्ध्या मिनिटाचा प्रकार, तीन मेले. त्या अर्ध्या मिनिटावर किती चित्रपट निघाले ते मोजावं, आणि वुंडेड नीवर किती निघाले तेही मोजावं.

सरहद्द एकट्या अमेरिकेलाच होती असंही नाही. कॅनडाला तशीच विस्तीर्ण पश्चिम सरहद्द होती. तिथे सरकारने १८७३ मध्ये घोडेस्वार पोलीस दल उभारलं आणि वस्ती करणाऱ्यांसोबत किंवा त्यांच्या आधी ते पाठवलं. कॅनडा सज्जन होता म्हणून आम्ही हे सांगत नाही. मूलनिवासींच्या जमिनी तिथेही गेल्या, त्यांची मुलं निवासी शाळांत डांबून त्यांची भाषा मारली गेली. पण तिथे ही लूट सरकारी गणवेशात झाली, प्रत्येक गोऱ्या शेतकऱ्याला स्वतःच कायदा होण्याची मुभा नव्हती. ऑस्ट्रेलियाचंही तसंच. १८३८ मध्ये मायल क्रीकला किमान २८ आदिवासी कापले गेले, आणि असे हत्याकांड तिथे एकच झालं नाही. तरी १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला एका बंदूकधाऱ्याने ३५ जणांना मारलं तेव्हा दोन आठवड्यांच्या आत सगळ्या राज्यांनी मिळून कडक नियम ठरवले आणि सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन मोडीत काढल्या. सरहद्द तीच, रक्त तेच, आणि बंदुकीबाबतचा आजचा व्यवहार वेगळा. मग 'सरहद्दीमुळे बंदूक रक्तात उतरली' हे स्पष्टीकरण कुठे टिकतं?

आमच्या मते अमेरिकेचं वेगळेपण दुसरीकडे आहे. तिथे बंदूक ठेवणं हा गोऱ्या माणसाचा छंद व्हायच्या कितीतरी आधी ते त्याचं कर्तव्य होतं. वसाहतींमध्ये गोऱ्या पुरुषांना मिलिशियात, म्हणजे गावफौजेत, शस्त्रासह हजर राहावं लागे. या फौजेला दोन कामं होती. एक, मूलनिवासींवर चालून जाणं. मॅसॅच्युसेट्सच्या कारभाऱ्यांनी १७५५ मध्ये पेनोब्स्कॉट लोकांच्या टाळूच्या कातड्यावर रोख इनाम लावलं होतं, पुरुषाचं जास्त, बाईचं आणि लेकराचं कमी. दुसरं काम दक्षिणेत: रात्री रस्त्यांवर गस्त घालून पळालेले काळे गुलाम पकडणं, त्यांच्या झोपड्या झडून शस्त्रं शोधणं. साउथ कॅरोलायनात ही गस्त १७०४ पासून कायद्याने बांधलेली होती. १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती, जिचा हवाला आज प्रत्येक बंदूकवाला देतो, ती सुशासित मिलिशियाचाच उल्लेख करून सुरू होते. ही मिलिशिया म्हणजे काय होतं, हे रोक्सान डनबार-ऑर्टिझ या इतिहासकार बाईंनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडलं आहे. सगळे इतिहासकार त्यांच्याशी सहमत नाहीत. आम्हाला त्यांची बाजू पटते.

पटते, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्या बाजूने साक्ष देतो. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टेनी यांनी काळा माणूस नागरिक का होऊ शकत नाही याची कारणं देताना एक भीती उघड बोलून दाखवली: नागरिक मानलं तर त्याला जिथे जाईल तिथे शस्त्र बाळगता येईल! गुलामगिरी संपल्यावर लगेच, १८६५ मध्ये, मिसिसिपीने कायदा करून मुक्त झालेल्या काळ्यांना परवान्याशिवाय बंदूक ठेवायला बंदी घातली. गोऱ्याला हक्क, काळ्याला परवाना. हे सूत्र ध्यानात ठेवा, लेखाच्या शेवटी लागेल.

आणि मग येतं १८७३. हे वर्ष आपल्यासाठी पवित्र आहे. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली ती याच वर्षी, सत्यशोधक समाज स्थापन झाला तो याच वर्षी. 'गुलामगिरी' जोतीरावांनी अर्पण केली अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्यांना दास्यातून सोडवलं. पुण्यात बसून एका माळ्याच्या मुलाने हजारो मैलांवरच्या गुलामांशी नातं जोडलं, याचा आम्हाला आजही अभिमान वाटतो. पण त्याच १८७३ मध्ये, १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी काय चाललं होतं? निवडणुकीच्या वादात कचेरीचा ताबा राखून बसलेल्या काळ्या नागरिकांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने तोफ घेऊन हल्ला केला. शरण आलेल्यांनाही मारलं. मेलेल्यांचे आकडे साठपासून दीडशेपर्यंत सांगितले जातात. नक्की आकडा नाही, कारण मोजायची कुणाला गरज वाटली नव्हती. तिघांना शिक्षा झाली आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही उडवली. काय म्हणून? सभेचा आणि शस्त्राचा घटनात्मक हक्क फक्त केंद्र सरकारला बांधतो, खाजगी माणसांनी तो पायदळी तुडवला तर पीडिताने राज्याकडे जावं. राज्य कुणाचं, हे सांगायला नको. पुढे तिथे सरकारी फलक लागला त्यावर या हत्याकांडाला 'दंगल' म्हटलं होतं. तो फलक २०२१ मध्ये निघाला.

याच १८७३ मध्ये विंचेस्टर कंपनीची ती प्रसिद्ध रायफल बाजारात आली, आणि कोल्टचं ते रिव्हॉल्व्हर, ज्याला नाव पडलं 'पीसमेकर', म्हणजे शांतता करणारा! बुद्धाच्या लेकरांनी या नावावर काय बोलावं? 'पश्चिम जिंकणारी बंदूक' ही विंचेस्टरची ख्याती तर जाहिरातवाल्यांनी फार नंतर, सरहद्द मिटल्यावर, पक्की केली. बफेलो बिलचा तमाशा गावोगाव फिरत होता, त्यात खरेखुरे लाकोटा पगारावर हरण्याचं काम करत होते. १८९३ मध्ये शिकागोत टर्नर निबंध वाचत होता तेव्हा बफेलो बिलचा तंबू प्रदर्शनाला लागूनच ठोकलेला होता. एक विद्वानांना सांगत होता, दुसरा तिकीट लावून. गोष्ट एकच. पुढे तीच हॉलीवूडने घेतली आणि तिथून ती आपल्या 'शोले'त आली, जिथे बंदुका भाड्याने आणणारा ठाकूरच असतो आणि ते कुणाला खटकत नाही.

ही गोष्ट नुसती करमणूक राहत नाही, ती न्यायालयात जाऊन बसते. २००८ च्या हेलर खटल्यात वाद होता वॉशिंग्टन शहरातल्या पिस्तूलबंदीचा. सुनावणीत न्यायमूर्ती केनेडींनी विचारलं ते दूर रानात राहणाऱ्या वसाहतकाराबद्दल: त्याला शत्रू 'इंडियन' टोळ्या, दरोडेखोर, लांडगे आणि अस्वलं यांच्यापासून कुटुंबाचं रक्षण करायची जी काळजी होती, तिच्याशी या दुरुस्तीचा काही संबंध नव्हता का? एकविसाव्या शतकात, राजधानीत, अस्वल! आणि त्या यादीत माणसं लांडग्यांच्या शेजारी. पाच विरुद्ध चार मतांनी बंदी पडली.

नॅशनल रायफल असोसिएशनचंही तसंच. १८७१ मध्ये ती नेमबाजी सुधारण्यासाठी निघाली होती, कितीतरी वर्षं बंदूक-नियंत्रणाच्या कायद्यांशी जुळवून घेत होती. १९७७ च्या सिनसिनाटीच्या अधिवेशनात कट्टर गटाने ती ताब्यात घेतली आणि मग ती आजची झाली. 'रक्तात' असलेली गोष्ट अधिवेशनात मतदानाने ठरली, हे लक्षात घ्या. आज त्या देशात लोकांच्या घरी माणसांपेक्षा जास्त बंदुका आहेत, शंभर माणसांमागे सुमारे १२०. २०२१ मध्ये ४८,८३० माणसं बंदुकीने मेली, त्यातली २६,३२८ आत्महत्येने. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा गोळी लागली ती 'इंडियन'ला नाही, दरोडेखोराला नाही, धरणाऱ्याला. काऊबॉयच्या त्या मोकळ्या पश्चिमेच्या राज्यांत हे प्रमाण फार मोठं आहे, आणि मरणारे मुख्यतः गोरे पुरुष. ज्यांच्यासाठी ही गोष्ट रचली, तिने त्यांनाही सोडलं नाही.

आता ते पोस्टर.

ब्लॅक पँथर पक्ष ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलँडला निघाला तेव्हा त्याच्या नावात 'स्वसंरक्षणासाठी' असे शब्द होते. पोलीस काळ्यांना रस्त्यात थांबवत तिथे पँथर कायद्याने परवानगी असलेल्या बंदुका उघड घेऊन, ठरावीक अंतरावर उभे राहून बघत. २ मे १९६७ ला ते बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. त्याच उन्हाळ्यात भरलेली बंदूक उघड बाळगायला बंदी करणारा कायदा झाला आणि त्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी, म्हणजे बंदूकवाल्यांच्या पुढच्या लाडक्या राष्ट्राध्यक्षांनी. काळ्या हातात बंदूक दिसल्यावर दुसरी घटनादुरुस्ती कुणाला आठवली नाही. डिसेंबर १९६९ मध्ये शिकागोत पोलिसांनी पहाटे फ्रेड हॅम्प्टन यांच्या घरावर छापा घातला. पोलिसांच्या नव्वदीच्या आसपास गोळ्या, पँथरांच्या बाजूने एक. हॅम्प्टन २१ वर्षांचे होते, अंथरुणातच होते. त्यांच्या संघटनेतली राज्याला डाचणारी गोष्ट कोणती होती? मुलांना सकाळी मोफत नाश्ता, दवाखाना, आणि वेगवेगळ्या वंशांच्या गरिबांना एका मोर्चात आणण्याचं हॅम्प्टन यांचं कौशल्य. रायफल त्यांना मारण्याचं निमित्त झाली.

काळ्यांनी बंदूक धरली ती चूक, असं आम्ही म्हणणार नाही. आमच्या अंगणात मध्यरात्री जमाव आलेला नाही, त्यांच्या आला होता. आयडा बी. वेल्स यांनी १८९२ मध्ये लिहून ठेवलंय की प्रत्येक काळ्या घरात विंचेस्टरला मानाची जागा असायला हवी. अहिंसेचे पुजारी म्हणून ज्यांचे फोटो आपण लावतो त्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९५६ मध्ये घरावर बॉम्ब पडल्यावर पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. नाकारला. १९६४ मध्ये लुइझियानातच काळ्या कामगारांनी 'डीकन्स फॉर डिफेन्स' काढली, त्यांनी कित्येक कार्यकर्त्यांचे जीव वाचवले. हे सगळं खरं आहे. आणि हेही खरं, की २०१६ मध्ये मिनेसोटात पोलिसाने गाडी थांबवल्यावर एका काळ्या तरुणाने 'माझ्याकडे परवान्याची बंदूक आहे' असं प्रामाणिकपणे सांगितलं आणि काही क्षणांत त्याला गोळ्या घातल्या गेल्या. पोलीस निर्दोष सुटला. हक्काचा कागद खिशात होता. कागद वाचणाऱ्याच्या डोळ्यांत तो माणूस अजून टोळीवालाच होता.

आमचे पँथर १९७२ मध्ये मुंबईत उभे राहिले, त्यांनी ओकलँडहून नाव घेतलं. रायफल घेतली नाही. त्यांचं शस्त्र म्हणजे मोर्चा, छापखाना, भाषण आणि कविता, आणि तेवढ्यानेही सरकार हादरलं होतं. स्टेटसवालं पोस्टर या इतिहासाशी बेइमानी करतं, एवढंच आमचं म्हणणं.

आणि आपल्याला काऊबॉयची नक्कल मुळात का करावीशी वाटते? सरहद्दीच्या गोष्टीत आपण कुठल्या बाजूला आहोत, हे विसरल्यामुळे. आपली सरहद्द म्हणजे गावाची वेस. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम शोधताना मांडणीच सरहद्दीची केली आहे: स्थिरावलेल्या गावांना भटक्या टोळ्यांच्या हल्ल्यांपासून राखणदार हवे होते, टोळ्यांतून फुटून विखुरलेल्या माणसांना आसरा हवा होता, आणि म्हणून ही माणसं गावकुसाबाहेर वसवली गेली. राखण आपण केली. येसकराची काठी आपल्या आज्याच्या हातात होती. पण गाव राखणारा गावात राहू शकला नाही. अमेरिकेत सरहद्दीवरचा माणूस राष्ट्राचा नायक झाला, आपल्याकडे सरहद्दीवरचा माणूस अस्पृश्य झाला. टर्नर हे कधी वाचता तर त्याची मोकळी जमीन जरा अडखळली असती.

शेवटची गोष्ट आमच्या कामातली. आम्ही काम करतो त्या भागातल्या एका गावात १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या वेळी एक मोठा बागायतदार बाराबोअरची बंदूक खांद्याला लावून ओट्यावर बसून राहिला. गोळी झाडली नाही, शब्द बोलला नाही. मिरवणूक त्या गल्लीतून न जाता माघारी फिरली. चौकशी केली तर कळलं, बंदूक कायदेशीर आहे, शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. रानडुकरं येतात ना! परवान्याला शेती लागते, शेती कुणाकडे आहे ते तुम्हाला माहीत आहे. अस्वलांची गोष्ट आपल्याकडे रानडुकरांच्या नावाने चालते.

अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या १९९५ च्या नियमांत तिसरा नियम आहे. अत्याचारप्रवण क्षेत्रात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रं सरकारजमा करावीत, बेकायदा शस्त्रं जप्त करावीत, आणि गरज असेल तर जाती-जमातींच्या लोकांना स्वसंरक्षणासाठी परवाने द्यावेत, असं तो सांगतो. आम्ही निवेदन घेऊन कचेरीत गेलो. समोरच्या साहेबांनी असा काही नियम असल्याचंच मानलं नाही. आम्ही पुस्तक उघडून ठेवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, 'म्हणजे तुम्हाला बंदुका पाहिजेत होय?' आमच्या निवेदनात परवान्याचा एक शब्द नव्हता. आम्ही त्यांची काढून घ्या म्हणत होतो, साहेबांना आमच्या हातात दिसली. पोच मिळाली, पुढे काही नाही.

पोस्टरवाला पोरगा हे ऐकून म्हणाला, 'मग नियमातला परवान्याचा भाग आपण सोडूनच द्यायचा का?' सोडायचा नाही. पण क्रम बघ. नियमात काढून घेणं आधी आहे, देणं मागून. मिसिसिपीत उलटं होतं, ओकलँडला उलटं झालं, आणि आपल्या कचेरीतही साहेबांना शेवटचंच कलम आधी दिसलं. येत्या रविवारी वर्गात माहिती अधिकाराचा अर्ज लिहायचा आहे: तालुक्यात गावनिहाय शेतीसंरक्षण परवाने किती, शेवटचं नूतनीकरण केव्हा, आणि त्या गावांत गेल्या दहा वर्षांत अत्याचाराचे गुन्हे किती नोंदले. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप प्रत्येकाने आपापलं आणावं.